छिन्नी, बर आणि मानोऱ्याची एक दाढ

अडकलेली अक्कलदाढ काढायची कशी, यावर दंतवैद्यकात गेली शंभर वर्षं भांडण आहे. भांडणाचे मूळ पक्ष लंडनचे आणि अमेरिकेचे. पण ते वाशिम जिल्ह्यात आलं की त्यात सोयाबीनची सोंगणी, खर्रा, एसटीची वेळ आणि गेलेली लाइटही शिरते. म्हणून हा संवाद. बोलणारी दोघं आणि त्यांचा पेशंट मी रचलेले आहेत. काका नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकून आले, तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पुतणी तोंड आणि जबड्याची शल्यचिकित्सक, अकोल्याला असते, आठवड्यातून एकदा काकांच्या दवाखान्यात येते. दोघांची मतं मात्र मी रचलेली नाहीत. ती दंतवैद्यकाच्या पुस्तकांत आहेत, आणि दोन दंतवैद्य एकत्र बसले की आजही ऐकू येतात.

समोर एक ओपीजी लावली आहे, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. पेशंट मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचा, सव्वीस वर्षांचा. खालची डावी अक्कलदाढ पुढे कलून शेजारच्या दाढेला टेकलेली. मुळांची टोकं नसेच्या नळीवर, आणि नेमकं तिथेच मूळ काळपट दिसतंय. तोंड दोन बोटं उघडतं.

काका : पोरगा म्हणतो, "डाक्टर सायेब, आजच काढून द्या, परवापासून सोंगणी हाय." त्याला काय सांगू? की बाबा, तुझी दाढ काढायच्या चार पद्धती आहेत, माझी पुतणी त्यातली एक ठरवेपर्यंत कळ सोस?

पुतणी : तसंच सांगा. घाईत काढली आणि ओठ बधिर झाला, तर सोंगणी संपल्यावरही तो तसाच राहील.

काका : अगं, या गावात मी छिन्नी-हातोडीने किती दाढा काढल्या, त्याचा हिशेब नाही. ओठ बधिर झाल्याची तक्रार घेऊन आलेले फार थोडे.

पुतणी : छिन्नीत ओठापेक्षा जिभेची काळजी जास्त, काका. जिभेच्या तक्रारी किती आल्या ते सांगा.

इथे वाचकासाठी क्षणभर थांबतो. खालच्या अक्कलदाढेच्या आसपास दोन नसा असतात, म्हणजे मज्जातंतू. एक हाडातल्या नळीतून, मुळांच्या खालून जाते आणि पुढे खालच्या ओठाला नि हनुवटीला संवेदना देते. दुसरी जिभेच्या बाजूने जाते. तिच्या आणि दाढेच्या मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो, आणि काही माणसांत ती त्या पापुद्र्याच्या काठावर, नुसत्या हिरडीखाली असते. या दोन्हींना दुखापत झाली तरी तोंड वाकडं होत नाही, कारण त्या स्नायू हलवत नाहीत. पण चहा ओठावरून ओघळतो तो कळत नाही, जेवताना जीभ चावली जाते, चव जाते. बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. कायमची राहण्याचं प्रमाण एकूण शस्त्रक्रियांत शंभरात एकाहून कमी मानतात. पण मूळ नळीला चिकटलेलं असेल तर हा दिलासा कामाचा नाही. या लेखातलं सगळं भांडण या दोन नसांवरून आहे.

काका : छिन्नीला तुम्ही पोरं उगाच नावं ठेवता. केल्सी फ्रायसाहेबांची ही पद्धत, टेरेन्स वॉर्ड यांनी १९५६ मध्ये ती नीट लिहून काढली. जिभेच्या बाजूचं हाड मुळातच पातळ. आधी पुढल्या बाजूला एक उभा काप, म्हणजे हाड फुटलं तर पुढच्या दाढेपर्यंत चीर जाणार नाही. मग छिन्नी तिरकी लावून जिभेकडचा तो पातळ पापुद्रा सोडवायचा. दाढ आतल्या बाजूला कलंडते आणि बाहेर. हात बसलेला असेल तर पाणी नको, मोटर नको, धूर नको. खड्डाही उथळ राहतो, रक्त साठत नाही.

पुतणी : आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या जबड्यावर हातोडीचे ठोके? इंग्लंडमध्ये हे बहुतेक पूर्ण भूल देऊन करत होते. तुम्ही जागच्या भुलेवर करत होतात. दुखत नसेल, मान्य. पण कवटीत घुमणारा तो आवाज?

काका : खालून जबडा धरायला मदतनीस लागतो, तेवढं खरं. आणि तो मदतनीस लेकाचा दुसरीकडे पाहत असेल तर पेशंटचा सांधा दुखतो. पण तू मला एक सांग, २००५-०६ च्या भारनियमनात तुझी मोटर कशावर चालली असती? तासन् तास लाइट नसायची. रिसोडहून सुजलेला माणूस आलेला, अर्धी दाढ उघडी केलेली, आणि लाइट गेली. तेव्हा छिन्नी होती म्हणून सुटलो. एका हातात टॉर्च घेऊन कंपाउंडर उभा.

पुतणी : तेव्हाची गोष्ट तेव्हा बरोबर होती. आता इन्व्हर्टर आहे.

काका : इन्व्हर्टरने हाताला वळण येत नाही.

पुतणी : हातालाच वळण हवं असेल, तर छिन्नीचा धडा आता कोण देणार? शिकवणारे निवृत्त झाले. आणि ती पद्धत तरुण हाडावर चालते. तिशी-चाळिशीनंतर हाड ठिसूळ होतं, ते आपल्याला हवं तिथे फुटत नाही, त्याला हवं तिथे फुटतं. तुमचा हा पेशंट सव्वीसचा म्हणून ठीक. पण जिभेच्या नसेचं काय? छिन्नी त्या बाजूलाच काम करते. नस काठावर असेल तर तिथे सुटका नाही. तात्पुरती बधिरता या पद्धतीत जास्त, हे छिन्नीवाल्यांनीही लिहून ठेवलंय.

काका : तात्पुरती.

पुतणी : तात्पुरती असेल की कायमची, हे पहिल्या दिवशी कुणाला कळतं? पेशंटला तर नाहीच.

काकांनी यावर काही उत्तर दिलं नाही. माझ्या मते इथे पुतणीचा मुद्दा वरचढ आहे. छिन्नी ही हुशार माणसाच्या हातातली उत्तम पद्धत होती. पण चांगली पद्धत मधल्या कुवतीच्या माणसाच्या हातातही फार नुकसान न करणारी असावी लागते. त्या कसोटीवर छिन्नी मागे पडते.

काका : बरं, तुझी बर घे, ते मोटरवर फिरणारं कापायचं टोक. गालाच्या बाजूने हिरडी उघडलीस. मग?

पुतणी : दाढेच्या गालाकडच्या आणि मागच्या बाजूने हाडात एक चर खणायचा. दाढेचं डोकं मोकळं झालं की दाढच कापायची. पेल आणि ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये हाच आग्रह धरला होता : हाड जास्त काढू नका, दाढेचे तुकडे करा. डोकं वेगळं, मग एकेक मूळ वेगळं. जागा नसलेल्या दाढेला जागा करून देण्यापेक्षा तिला लहान करणं सोपं. जिभेच्या बाजूला मी शिवतच नाही. दात पूर्ण आरपार कापायचा नाही, जिभेकडचा शेवटचा थर सोडायचा आणि एलिव्हेटर, म्हणजे दाढ उचकटायचं हत्यार, फिरवून तो फोडायचा. बर त्या नसेपर्यंत पोचतच नाही.

काका : पुस्तकात. माझ्याकडे निस्तरायला येतात त्या केसेस वेगळ्या असतात. दात भरायचा एअरोटर असतो ना, तोच लावतात हाडावर. त्याचा वारा आत शिरतो. पेशंटचा गाल दहा मिनिटांत फुगतो, बोट दाबलं की कुरकुर वाजतं. घरचे म्हणतात, अॅलर्जी झाली. ती अॅलर्जी नसते, कातडीखाली भरलेली हवा असते. मानेतून छातीपर्यंत उतरू शकते.

पुतणी : एअरोटर हाडावर लावायचाच नाही. मायक्रोमोटरवर सरळ हँडपीस, टोकाला नवी बर, आणि सलाईनची धार अखंड. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं, हे स्वीडनमधल्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. मदतनीस सलाईन सोडायला विसरला, किंवा घासलेली बर दाबून चालवली, की हाड भाजतं. ते भाजलेलं हाड नंतर भरून येत नाही, दुखत राहतं.

काका : म्हणजे तुलाही मदतनीस लागतोच.

पुतणी : लागतो. फक्त माझा मदतनीस चुकला तर हाड भाजतं, तुमची छिन्नी चुकली तर नस जाते.

या जागी दोघं हसले असावेत. खरं तर या वादाचा निकाल जगाने लावलेला आहे : आज बहुतेक ठिकाणी, आपल्या सरकारी दंत महाविद्यालयांतही, बरनेच काम होतं. छिन्नी सेटमध्ये असते, हाडाची धार गुळगुळीत करायला किंवा एखादा पापुद्रा सोडवायला. मुलांमधली कच्ची दाढ बाहेरून खिडकी पाडून काढायची बाउडलर हेन्री यांचीही एक पद्धत आहे. तिच्या वाट्याला काम फार कमी येतं, म्हणून ती इथे सोडतो.

काका : आता ते तुमचं इटालियन यंत्र. पिएझो. मागच्या परिषदेत एकाने तासभर त्याची स्तुती केली.

पुतणी : तासभर स्तुती करण्यासारखं नाही, पण खोटंही नाही. टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं. कडक हाड कापलं जातं, मऊ नस त्या थरथरीसोबत हलते आणि वाचते. सूज कमी येते, तोंड लवकर उघडतं. वेळ मात्र जास्त जातो, आणि दात कापायला पुन्हा बरच घ्यावी लागते.

काका : आणि त्याची टोकं मोडली की?

पुतणी : मागवायची. म्हणून माझ्याकडे ते नाही. ज्याच्याकडे आहे त्याने जरूर वापरावं. त्याच्याकडे यंत्र आहे एवढ्याच कारणासाठी पेशंटने इथून पुण्याला जाऊ नये.

काका : हे ऐकून बरं वाटलं. आता या ओपीजीकडे ये. पुढे कललेली दाढ, तुझ्या हिशेबात सोपी.

पुतणी : खालच्या जबड्यात पुढे कललेली सगळ्यात जास्त आढळते आणि त्यातल्या त्यात सोपी, मागे कललेली सगळ्यात वाईट. मागे कललेली एक्स-रेत जवळजवळ सरळ उभी दिसते, म्हणून नवखा माणूस तिच्यातच फसतो. तिचा बाहेर यायचा रस्ता जबड्याच्या उभ्या हाडात जातो. विंटरने १९२६ मध्ये एक्स-रेवर तीन रेघा ओढायला शिकवल्या, पांढरी, पिवळी आणि लाल. लाल रेघ म्हणजे एलिव्हेटर लावायच्या जागेची खोली. ती पाच मिलीमीटरच्या वर गेली की जागच्या भुलेवर, खुर्चीत, एकट्याने करायचा हट्ट सोडावा. ही चारच्या आत आहे.

काका : मग घे बर आणि काढ.

पुतणी : खोली सोपी आहे, शेजार सोपा नाही. रूड आणि शहाब यांनी १९९० मध्ये सांगितलेल्या खुणांपैकी तीन महत्त्वाच्या : नळीवर येताना मूळ काळपट होणं, नळीची पांढरी कड तुटणं, आणि नळीने मुळापाशी वळण घेणं. इथे पहिली आहे. दुसरीही आहे असं मला वाटतं. तुम्ही पाहा.

काका : (चष्मा वर करून) आहे. कड नाही तिथे.

पुतणी : म्हणून मला कोरोनेक्टॉमीचा विचार करायचाय. दाढेचं डोकं कापून काढायचं, मुळं हाडाच्या कडेखाली तीन-चार मिलीमीटर घासून तशीच ठेवायची, हिरडी शिवून टाकायची. मुळांना हातच लावायचा नाही, त्यामुळे नसेला धक्का नाही.

काका : हे मला पटणार नाही. चाळीस वर्षं आम्हाला बजावलं, मूळ तुटलं तर ते शोधून काढा, अर्धवट ठेवलं तो तुमचा दोष. आणि आता तुम्ही मुद्दाम ठेवता आणि त्याला नवं नाव देता!

पुतणी : तुटलेलं, हललेलं, पू झालेलं मूळ ठेवणं आणि जिवंत, घट्ट, स्वच्छ मूळ ठेवणं यात फरक आहे. फ्रेंच लोकांनी हे १९८४ मध्ये मांडलं. लंडनमध्ये तारा रेंटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन गट करून तुलना छापली, नसेला धोका असलेल्याच दाढा निवडून. पूर्ण काढलेल्या १०२ दाढांपैकी १९ ठिकाणी नसेची इजा झाली. मुळं ठेवता आली अशा ५८ दाढांत एकदाही नाही.

काका : आणि मुळं ठेवता आली नाहीत अशा किती, ते सांगायचं राहिलं.

पुतणी : सांगते. ३६. डोकं कापताना मुळं हलली, मग काढावी लागली. त्यातल्या तीन ठिकाणी इजा झाली.

काका : म्हणजे ठेवायला गेलात अशा ९४ पैकी ३६ ठिकाणी बेत फसला. तिकडच्या रुग्णालयात, उत्तम दिव्याखाली. आता मानोऱ्याचा विचार कर. तू मुळं ठेवलीस. ती वर सरकतात, बरोबर?

पुतणी : पहिल्या वर्ष-दोन वर्षांत दोन ते चार मिलीमीटर. मग बहुतेक थांबतात. थोड्या जणांत हिरडीतून वर येतात आणि काढावी लागतात. पण तोवर ती नसेपासून दूर आलेली असतात, काढणं सोपं होतं.

काका : तुझ्या पुस्तकातल्या पेशंटला सोपं. तो सहा महिन्यांनी एक्स-रेला येतो. माझा पेशंट सोंगणी झाली की कामासाठी पुण्याकडे जाईल. तिकडे दुखलं तर गोळी घेईल, परत दुखलं तर परत गोळी. त्याच्या जबड्यात दोन मुळं आहेत हे तिथल्या डॉक्टरला कोण सांगणार? तुझी पद्धत अर्धी शस्त्रक्रिया आणि अर्धा भरवसा आहे. तो भरवसा एसटीच्या फेऱ्यांवर ठेवू नकोस.

पुतणी : मग त्याला काय सांगू? तू परत येशील याची खात्री नाही, म्हणून तुझा ओठ पणाला लावते?

काका : मी माझ्या पेशंटच्या बाबतीत तेच करत आलो, पोरी. एका बैठकीत संपेल ते करायचं. त्याला परत यावं लागणार नाही, हीच त्याच्यावर केलेली मेहेरबानी.

या लेखातला हा खरा वाद. छिन्नी की बर, हा प्रश्न हातांचा होता. हा प्रश्न अंतराचा आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले, त्यात वाशिम होता. तेव्हापासून रस्ते सुधारले, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तरी तांड्यावरच्या माणसाला एक एक्स-रे म्हणजे एक दिवसाची मजुरी, हा हिशेब बदललेला नाही. काकांची सावधगिरी त्या हिशेबातून आली आहे. मला ती समजते, पण पूर्ण मान्य नाही. परत न येणारा पेशंट गृहीत धरला, की त्याला परत बोलवायचा प्रयत्नही कुणी करत नाही.

काका : आणखी एक विचारतो. काढायचीच का? इंग्लंडच्या नाइस संस्थेने २००० मध्ये सांगितलं ना, त्रास नसलेली अक्कलदाढ उगाच काढू नका.

पुतणी : त्रास नसलेली. याला महिन्यापूर्वी सूज येऊन गेली, मेडिकलवरून गोळ्या घेऊन दाबली. दुसरी खेप आली की काढायचं कारण पुरतं. शिवाय ही दाढ पुढच्या दाढेवर डोकं टेकून बसलीय. मध्ये अन्न अडकतं आणि चांगली दाढ मागून किडते. इंग्लंडमध्ये तो नियम आल्यावर तेच दिसलं : लोक उशिरा आले, जास्त वयाचे, पुढची दाढ किडल्यावर.

काका : सूज मात्र आपल्याकडे जुनी. सुश्रुताने शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, तीव्र वेदना, लाळ गळणं असा आजार सांगितलाय, अधिमांस. वाढलेलं मांस कापून मधातून चूर्ण लावायला सांगितलं. दाढेवरची हिरडीची टोपी कापायची, हेच ते.

पुतणी : टोपी कापली तरी खाली दाढ अडकलेलीच असेल, तर टोपी परत येते. सुश्रुताकडे ओपीजी नव्हती.

काका : तुझ्याकडे ओपीजी आहे, पण तू अजून त्याच्या गालाला बोट लावलं नाहीस.

पुतणी : म्हणजे?

काका : तोंड दोन बोटं उघडतं ते कशाने? दाढेच्या सुजेने स्नायू आखडलेत, की खर्ऱ्याने गाल आवळलेत?

पुतणी गप्प झाली, आणि माझ्या मते या लेखातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे. माणसाचं तोंड त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातील इतकं उघडायला हवं. सुजेने आखडलेलं तोंड औषध, गरम मिठाच्या गुळण्या आणि व्यायामाने आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळं होतं. खर्ऱ्याने बंद होत आलेलं तोंड होत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात शाळकरी पोरांपर्यंत पोचलाय. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या गेल्या नाहीत, आणि खर्रा तर टपरीवर हाताने घोटला जातो. सुपारीने गालाच्या आत तंतू जमतात, अस्तर पांढुरकं पडतं, लवचीकपणा जातो. बोट फिरवलं तर उभे ताठ दोर लागतात. डॉक्टरी भाषेत त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि पुढे जाऊन त्यातल्या काहींना कर्करोग होतो.

काका : मी पाहिलं बोट लावून. उजव्या गालात दोर आहे, डाव्यात दोन. तिखट लागलं की जळजळतं म्हणतो. तुझी बर, तुझं पिएझो, माझी छिन्नी, सगळी तोंडातून आत जाणार ना? गाल ताणला जात नसेल तर गालाच्या बाजूने चर कुठून खणशील? मलाही हातोडीचा ठोका सरळ रेषेत हवा. दोन बोटांच्या फटीत कुठलीच पद्धत चांगली नाही. आणि या गालाला दिलेला काप उशिरा भरतो.

पुतणी : मग उलट आत्ताच काढायला हवी. वर्षभराने तोंड एक बोट उघडेल आणि तेव्हा पूर्ण भुलेशिवाय, नाकातून नळी टाकल्याशिवाय काही करता येणार नाही. मुंबईच्या खन्ना आणि अंद्राडे यांनी १९९५ मध्ये शंभर पेशंटांच्या शस्त्रक्रिया छापल्या, त्यात हे तंतू कापताना अक्कलदाढाही काढल्यात. या आजारात अक्कलदाढ जबड्यात ठेवणं म्हणजे पुढल्या शस्त्रक्रियेच्या वाटेत दगड ठेवणं.

काका : आणि मुळं ठेवलीस, आणि दोन वर्षांनी ती वर आली, आणि तेव्हा तोंड एकच बोट उघडत असेल तर?

पुतणी : (बराच वेळ ओपीजी पाहून) हा मुद्दा खरा आहे. कोरोनेक्टॉमीच्या कुठल्याच पेपरात खर्रा नाही.

मग दोघांनी ठरवलं ते असं. सोंगणीआधी काहीच करायचं नाही. पोराला गुळण्या, तोंड उघडायचा व्यायाम, आणि खर्रा बंद करण्याबद्दल आईसमोर बोलणं; हे शेवटचं काम काकांचं. सोंगणी झाली की सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. त्यात मूळ आणि नस यांच्या मध्ये हाडाचा थोडा जरी पडदा दिसला, तर बरने तुकडे करून दाढ पूर्ण काढायची, एका बैठकीत; इथे काकांचं म्हणणं राहिलं. नस मुळाला उघडी चिकटलेली असेल, तरच मुळं ठेवायची.

काका : आणि ठेवलीस तर चिठ्ठीवर 'सहा महिन्यांनी या' असं लिहू नकोस. कुणी येत नाही.

पुतणी : मग काय लिहू?

काका : 'रामनवमीला या.' पुण्याला असो की मुंबईला, पोहरादेवीच्या यात्रेला तांड्यावरचा माणूस येतोच. दिवाळीच्या आसपास काढलीस तर रामनवमी पाचेक महिन्यांवर येते. आईचा नंबर लिहून घे, त्याचा नको. तो सिम बदलतो. आणि 'मुळं ठेवली आहेत' असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून, नव्या एक्स-रेच्या प्रतीसकट त्याच्या हातात दे.

पुतणी : हे कुठल्या पुस्तकात आहे?

काका : चहा सांग आता.

संवाद इथे संपतो. वाचकांना चार शब्द सांगायचे आहेत. अक्कलदाढ काढायला जाल, तेव्हा कुठलं यंत्र आहे ते विचारू नका. नस किती जवळ आहे, ती एक्स-रेवर मला दाखवा; एअरोटर हाडावर लावणार का; हे काम तुम्ही करणार की बाहेरून सर्जन येणार; आणि रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, एवढं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. खर्रा किंवा पुडी खात असाल तर ते लपवू नका, भूल देण्याआधी सांगा.

दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, शेक नको. चोवीस तास चूळ जोरात भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, बिडी-सिगारेट नको. खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्यावर अँटिबायोटिकच्या गोळ्या वाढवून उपयोग नाही, डॉक्टरकडे जाऊन खड्डा धुऊन औषध भरून घ्यावं लागतं. लवंगेच्या तेलाचा बोळा किंवा अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

आणि दाढ काढलेली असो वा नसो : हनुवटीखाली टणक सूज, ताप, गिळता न येणं, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, आवाज बदलणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका आणि मेडिकलवरून गोळी आणू नका. ही सूज काही तासांत श्वास बंद करू शकते. त्याच रात्री १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठा.